ओडूं नाकात! रिव्हेटर विमानाच्या पत्र्याला अडकला तर

घरी विमान बांधायला घेतलेल्या प्रत्येकावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रसंग येतोच. हातातलं हत्यार पत्र्याला चिकटून बसतं, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. माझ्यावर तो आला तेव्हा मी फोंड्यातल्या घरामागच्या चिऱ्याच्या गॅरेजमध्ये होतो. बाहेर आषाढ कोसळत होता, आणि शेपटीच्या आडव्या पंखाच्या बरगडीला माझा रिव्हेटर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळी (रिव्हेट) बसवायचं हत्यार, गणपतीवरच्या माटोळीतल्या दोडक्यासारखा लोंबकळत होता. भाचा टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, "मामा, जोरात ओढ ना." मी ओढला.

बरगडीच्या कडेला नखाएवढी घडी पडली. पत्र्याची घडी ठोकून सपाट करता येते, पण तिथे धातू थकलेला असतो आणि तोच तुकडा पुढे विमानात बसून उडणार असतो. बरगडी बदलावी लागली, आणि सुटा भाग परदेशातून येईपर्यंत शेपटी तशीच टेबलावर पडून राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारचे मेस्त्री आले. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनमध्ये त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी एकदा रिव्हेटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "ओडूं नाकात, पात्रांव. तो ओडल्यार चड धरता." ओढू नका, साहेब, ओढलं की तो जास्त धरतो. पुढे जे काही लिहिलंय त्याचा पाया हे एक वाक्य आहे.

आत काय असतं

पॉप रिव्हेट ओढणारा हातातला रिव्हेटर एकदा तरी पूर्ण खोलून बघा, तोही अडकायच्या आधी, दिवसाउजेडी, चहा पीत. पुढच्या टोकाला एक नोझल असतं. त्याच्या मागे शंकूच्या आकाराचं पोकळ घर, आणि त्या घरात दोन किंवा तीन छोटे दातेरी जबडे. जबड्यांच्या मागे त्यांना पुढे रेटणारी नळी आणि स्प्रिंग. दांडे दाबले की घर मागे सरकतं, शंकूच्या भिंती जबड्यांना आत दाबतात, दात रिव्हेटच्या काडीत म्हणजे मँड्रेलमध्ये रुततात आणि काडी मागे खेचली जाते. ठरलेल्या ताणाला काडी तुटते, रिव्हेट बसतो.

दांडे पूर्ण उघडले की जबडे पुढे येऊन नोझलच्या मागच्या कडेवर आपटतात, आणि त्या आपटण्यानेच फाकतात. म्हणजे रिव्हेटरची पकड सोडवण्याचं काम नोझल करतं. आता यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: दांडे अर्धवट उघडले तर पकड सुटत नाही. नोझल एक-दोन आटे सैल असेल तरी तेच, कारण जबडे त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. दुसरी: काडी अडकलेली असताना तुम्ही रिव्हेटर पत्र्यापासून दूर ओढलात, तर जबडे शंकूच्या अरुंद भागाकडे ओढले जातात आणि आणखी घट्ट होतात. बोटात गळ रुतला तर रापणकार तो उलटा ओढत नाही, पुढे ढकलून काढतो. इथेही तसंच: हत्यार पत्र्याकडे ढकलायचं असतं.

अडकल्यावर लगेच

हात सोडू नका. रिव्हेटरचं सगळं वजन त्या एका काडीवर आणि काडीचं वजन पातळ पत्र्यावर येतं. एका हाताने हत्यार खालून तोला आणि दुसऱ्याने काहीही करू नका. जोडीदार असेल तर त्याला धरायला द्या. एकटे असाल तर खाली लाकडाचे ठोकळे, जुने टॉवेल, काहीही रचून हत्याराला टेकू द्या. मी आता गॅरेजमध्ये तांदळाच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरून ठेवलीय, खास ह्याच कामासाठी. हवेवर चालणारा रिव्हेटर असेल तर सर्वात आधी हवेचा पाइप काढा. आधी पाइप, मग विचार. अडकलेल्या हत्याराच्या ट्रिगरला चुकून बोट लागलं तर पत्रा आणि बोट दोन्ही जातात.

मग बघा, खरंच अडकलंय का. नवशिक्याचा निम्मा गोंधळ इथेच असतो. लांब काडीचा रिव्हेट एका दाबात तुटत नाही, दोन किंवा तीन वेळा पकड घ्यावी लागते. काडी न तुटता दांडे पूर्ण मिटले म्हणजे अडकलंय असं नाही. दांडे पूर्ण उघडा, नोझल रिव्हेटच्या डोक्याला टेकेपर्यंत हत्यार पुढे सरकवा, पुन्हा दाबा. "पूर्ण" हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिलाय.

दांडे उघडतच नसतील तर मात्र अडकलंय. आता या क्रमाने:

१. दांडे केसभर आणखी दाबा. हे विचित्र वाटतं, पण ताण थोडा वाढला की रुतलेले दात जागचे हलतात. त्याच क्षणी दांडे झटकन उघडा आणि त्याच वेळी हत्यार पत्र्याकडे ढकला. दहापैकी बऱ्याच वेळा इथेच काम होतं आणि पुढचं वाचायची गरज उरत नाही.

२. नाही झालं, तर नोझलच्या तोंडातून पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडा. शिलाई मशीनचं तेल चालतं. दहा मिनिटं थांबा. खरंच दहा मिनिटं, आत जाऊन पाणी पिऊन या. मग पहिली पायरी पुन्हा.

३. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने रिव्हेटरच्या नाकावर बाजूने हलके टकटक करा, हत्यार फिरवत फिरवत. पत्र्यावर एकही टोला पडता कामा नये. मधे पुठ्ठा धरा.

४. नोझल आणि पत्रा यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट दिसत असेल तर पातळ पान्याने नोझल हळू आटे सोडून खोला. ते काडीवरून सरकून पत्र्याकडे येईल. आता समोरून जबड्यांची तोंडं दिसतील. दोन बारीक स्क्रू-ड्रायव्हर काडीच्या दोन बाजूंनी घालून जबडे मागे, म्हणजे हत्याराच्या पोटात, ढकला. ते शंकूच्या रुंद भागात गेले की काडी सुटते. फट नसेल तर ही पायरी सोडून द्या. नोझल उलटं फिरवलं की ते पुढे येतं आणि पत्र्यालाच दाबतं.

५. कापा. हत्यारातून बाहेर डोकावणारी काडी साइड कटरने किंवा हेक्सॉच्या सुट्या ब्लेडने.

पाचव्या पायरीला माणूस सर्वात जास्त वेळ लावतो, आणि का ते मला कळत नाही. कापायचा असतो एक खिळा. हातातला रिव्हेटर काही शे रुपयांचा, म्हापशाच्या बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा. पंखाचं कातडं तसं मिळत नाही. हत्यार वाचवण्यासाठी पत्रा पणाला लावणारे लोक मी पाहिलेत, मीही त्यातलाच होतो.

खळी पाडताना अडकलेला खिळा

हा प्रकार वेगळा लिहायला हवा, कारण सर्वात वाईट अडकणं इथेच होतं आणि माझा रिव्हेटर इथेच लोंबकळत होता.

चपट्या डोक्याचा रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसावा म्हणून भोकाभोवती खळी पाडतात. मोठ्या पत्र्याला चिमट्यात किंवा सी आकाराच्या चौकटीत बसवलेल्या डायने, म्हणजे खळीच्या आकाराच्या ठशांनी, पाडतात. बरगडीच्या टोकाला जिथे काहीच पोचत नाही, तिथे दोन छोट्या डाय आणि त्यांच्यातून ओवलेला एक खिळा वापरतात. खिळ्याचं डोकं एका बाजूच्या डायवर टेकतं, दुसऱ्या बाजूने खिळ्याचं टोक पॉप रिव्हेटरमध्ये जातं, आणि दांडे दाबले की दोन डाय पत्र्याला मधे घेऊन जवळ येतात. खळी पडते. सुंदर कल्पना आहे. अडचण इतकीच की रिव्हेटची काडी एकदा वापरून तुटते, आणि हा खिळा तुटत नाही. तोच खिळा वीस, तीस, चाळीस वेळा जबड्यांच्या दातांखाली जातो. दरवेळी दात त्यावर खाचा पाडतात आणि खाचांच्या कडा वर येतात. शेवटी खिळा मक्याच्या कणसासारखा खडबडीत होतो, आणि एक दिवस जबडे फाकले तरी त्या कडा सोडत नाहीत.

माझ्या खिळ्यावरून नख फिरवलं तेव्हा ते दोन ठिकाणी अडकलं. तो त्याच दिवशी सकाळी फेकून द्यायला हवा होता.

सोडवायचं कसं? वरच्या पहिल्या चार पायऱ्या तशाच. त्यांनी नाही झालं तर कापायची जागा मात्र बदलते. डाय आणि नोझल यांच्यात सहसा फट नसते, पण पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला खिळ्याचं डोकं उघडं असतं. ते उडवलं की डाय सुटते आणि रिव्हेटर खिळ्यासकट मागे निघून येतो. मेस्त्रींनी तेच केलं. एक जुनी पट्टी घेतली, पुटी भरायच्या पात्यासारखी, तिच्यात हेक्सॉने एक चीर पाडली आणि ती डायच्या बाजूने पत्र्यावर सरकवली, म्हणजे हात घसरला तरी ओरखडा पट्टीवर जाईल. आजूबाजूला तीन थर मास्किंग टेप. मग छोट्या फिरत्या ग्राइंडरने खिळ्याचं डोकं थोडं थोडं घासलं. तीन सेकंद घासायचं, ओल्या फडक्याने थंड करायचं, पुन्हा तीन सेकंद. विमानाच्या पत्र्याची ताकद उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली असते, ती तुमच्या ग्राइंडरने घालवू नका. चष्मा घातलेला हवाच. नंबरचा चष्मा चालत नाही, बाजू झाकणारा हवा.

घासून झाल्यावर लोखंडाची पूड पत्र्यावर पडते. ती फुंकू नका, पसरते. चिकटपट्टीने टिपून घ्या, मग ओल्या फडक्याने पुसा. ॲल्युमिनियममध्ये रुतलेला लोखंडाचा कण आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत गंजाची सुरुवात करतो. वेळ मिळाला तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभं आहे. त्याच्या पोटाखाली उभं राहून रिव्हेटांच्या ओळी बघा, सलग, सारख्या अंतराच्या. असली ओळ आपल्याला घालायचीय हे डोळ्यांना एकदा कळलेलं बरं.

बाकीची हत्यारं

घरी जोडायच्या विमानांचे सुटे संच, म्हणजे किट मिळतात. त्यातलं व्हॅन्सचं आरव्ही-१२ किंवा झेनिथचं सीएच ७५० बांधत असाल तर तुमचं जवळजवळ सगळं काम पॉप रिव्हेटवर चालेल. आरव्ही-७ किंवा आरव्ही-८ सारख्या किटमध्ये भरीव रिव्हेट येतात, म्हणजे एका बाजूने हवेची रिव्हेट गन आणि दुसऱ्या बाजूने लोखंडी ठोकळा. गनमध्ये सेट, म्हणजे तिच्या तोंडात बसणारं ठोकायचं टोक, अडकतो तो बहुतेक वेळा त्याची मागची दांडी ठोकून ठोकून फुललेली असते म्हणून. हवा काढा, टिकवणारी स्प्रिंग सोडवा, तेल सोडा, सेट फिरवत बाहेर घ्या. फुगलेली कड कानशीने उतरवा. सेट लाकडावर टेकवल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. रिकामी गन चालवली की दांडी फुलते, आणि स्प्रिंग नसेल तर सेट बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

हवेचा दाबरिव्हेटर, ज्याला स्क्वीझर म्हणतात, तो रिव्हेटवर मिटून राहिला तर पाइप काढल्यावर सहसा आपोआप मागे येतो. नाही आला तर डायची लांबी चुकीची लावलेली असते आणि दाब हाडाला हाड लागल्यासारखा अडकतो. लांबी लावायची ती आधी भंगार पत्र्यावर, विमानावर कधीच नाही.

क्लेकोसुद्धा अडकतात. ते तात्पुरते पकडचिमटे. भोकाच्या कडेला ड्रिलची बर, म्हणजे वर आलेली धारदार कड, राहिली असेल किंवा ओला प्रायमर आत सुकला असेल, तर क्लेको दाबूनही निघत नाही. क्लेकोच्या पक्कडीने दाबून धरा आणि दाबलेलाच ठेवून एक पाव वळसा फिरवा. तरी नाही तर मागच्या बाजूने त्याच्या दोन पाती साइड कटरने कापा. चंदेरी ३/३२ इंचाचे, तांबडे १/८ चे, काळे ५/३२ चे, हा रंगांचा हिशोब पहिल्याच दिवशी पाठ करा. इंधनाच्या टाकीला सीलंट लावलेल्या जागी क्लेको सीलंट घट्ट होण्याआधीच काढायचे. रात्रभर ठेवलेत तर सकाळी पक्कड हातात धरून रडायची वेळ येते.

सुटलं, आता त्या रिव्हेटचं काय

अर्धवट ओढलेला रिव्हेट तसाच ठेवायचा नाही. काडी पुरेशी बाहेर राहिली असेल तर दुसऱ्या रिव्हेटरने ती पुन्हा पकडून पूर्ण ओढा, काडी तुटली आणि डोकं पत्र्याला सपाट बसलं तर रिव्हेट ठीक. काडी कापावी लागली असेल तर काढून टाका.

काढताना घाई नको. काडीचा उरलेला तुकडा बारीक पंचने मागे ठोका, नाहीतर ड्रिलचा बिट त्याच्यावर घसरून पत्र्यावर नाचतो. मग डोक्याच्या मध्यावर ड्रिल करा, १/८ च्या रिव्हेटला ३० नंबरचा बिट, ३/३२ च्या रिव्हेटला ४० नंबरचा. डोक्याच्या जाडीइतकंच खोल जा, आरपार नाही. डोकं पंचने बाजूला वाकवलं की तुटून येतं, आणि रिव्हेटची शेपटी मागे पडते. हाताने धरलेला ड्रिल थोडा जरी तिरका गेला तर भोक अंडाकृती होतं. तसं झालं तर पुढच्या मापाचा रिव्हेट घालता येतो, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट जागा उरतेय का हे मोजून मगच. शंका असेल तर किट बनवणाऱ्यांना फोटो पाठवून विचारा.

हार्डवेअरच्या दुकानातले ३.२ मिलिमीटरचे रिव्हेट विमानात घालू नका, माप जवळजवळ तेच असलं तरी. भंगार पत्र्यावर हात बसवायला मात्र ते उत्तम. मी माझ्या भाच्याला पहिला आठवडा त्यांच्यावरच ठेवला.

पुन्हा अडकू नये म्हणून

रोज काम संपल्यावर नोझल खोला, जबडे काढा. स्टीलच्या ताटात काढा, जमिनीवर नाही. एकेक जबडा अगदी छोटा असतो आणि फरशीवर पडला की कुठल्यातरी भेगेत जाऊन बसतो. आधी मोजा, दोन की तीन. दातांमधला चंदेरी चुरा जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, रॉकेलमध्ये बुडवून पुसा, मग एक थेंब तेल. डब्ल्यूडी-४० धुवायला चांगलं, पण ते उडून जातं, त्यानंतर खरं तेल लागतं. नोझल परत लावताना हाताने बसवून मग पान्याने आवळा. दात गुळगुळीत दिसायला लागले तर जबड्यांचा नवा संच घाला. स्टेनलेस काडीचे रिव्हेट जास्त असतील तर ते लवकर झिजतात.

खळी पाडायचा खिळा ही वापरून फेकून द्यायची गोष्ट माना. मी एका डबीत डझनभर नवे ठेवलेत, थोडक्या खळ्या पाडल्या की जुना गेला. फेकणं जिवावर येत असेल तर आधी त्यावर नख फिरवून बघा.

गोव्याच्या पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको, पण हत्यारांना सांगावं लागतं. माझी रिव्हेटर, डाय, सेट सगळी एका लाकडी कपाटात असतात आणि त्यात चाळीस वॅटचा बल्ब जळत असतो, आजी लग्नाच्या साड्यांच्या कपाटात लावायची तसा. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ जूनपासून रोज सोडावा लागतो. पहिल्या वर्षी मी आठवडाभर विसरलो आणि नळातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. ते पाणी हवेबरोबर रिव्हेटरच्या पोटात जातं. हवेच्या हत्याराचा दाब साधारण ९० पीएसआयवर ठेवा, आणि तुटलेल्या काड्या गोळा करणारी बाटली काढून काम करू नका. काडी मागून सुटली तर समोरच्या भिंतीपर्यंत जाते.

कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते उभं केलं. लोक मला विचारतात, गॅरेजमध्ये होतं का हे? तेव्हा मी तेच उदाहरण देतो. गच्चीपेक्षा माझ्या गॅरेजला निदान छप्पर आहे.

काढलेल्या प्रत्येक रिव्हेटची नोंद वहीत करा, कुठल्या बरगडीचं कितवं भोक, कुठल्या मापाचा घातला, आधी आणि नंतरचा फोटो. माझ्या वहीत शेपटीच्या डाव्या तिसऱ्या बरगडीसमोर लिहिलंय: "खिळा अडकला, बरगडी बदलली." खाली भाच्याच्या अक्षरात: "मामाने ओढला." आणि त्याखाली माझ्या: "सांगितलं कुणी?"